इंजेक्शनं झाली, आई अजून गप्पच आहे

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांची आई ७२ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्ह्यातल्या गावी एकटी राहते. चौदा महिन्यांपूर्वी वडील गेले. घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा वर्ज्य. आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. शिवाय रोज सकाळी पित्ताची गोळी, जी कधी सुरू झाली हे कुणालाच आठवत नाही. गेल्या पावसाळ्यापासून आईने हरिपाठाला जाणं सोडलं. दुपारचं जेवण म्हणजे चहा आणि खारी. पहाटे तीनला जाग येते ती मग झोप लागतच नाही. तळपायाला मुंग्या येऊ लागल्या म्हणून रक्त तपासलं, तेव्हा बी-१२ १३८, डी जीवनसत्त्व ९ आणि हिमोग्लोबिन १०.२ निघालं, म्हणजे तिन्ही कमीच. बी-१२च्या इंजेक्शनांचा कोर्स झाला, ‘डी’च्या पुड्या आठवड्याला एक अशा घेऊन झाल्या. दोन महिन्यांनी मुंग्या कमी आहेत, पण आई तशीच. दादा म्हणतात, “कमतरता निघाली आहे ना? भरून यायला वेळ लागतो. मानसोपचाराला नेऊन आईला वेडी ठरवू नकोस.” वहिनींचं मत नेमकं उलटं. आई म्हणते, “मला काही झालेलं नाही, वय झालं.” ताई विचारतात: आणखी किती थांबू? खाण्यात काय वाढवू? तिला पुण्याला आणू का?

ताई,

रिपोर्ट हातात आला त्या रात्री ‘निदान कारण तरी सापडलं’ म्हणून तुम्ही रडलात, असं तुम्ही लिहिलं आहे. ते वाक्य मी बराच वेळ वाचत होते. बाबांच्या जाण्यावर आपल्याला काही करता येत नाही, पण १३८ या आकड्यावर करता येतं, आणि म्हणून तो आकडा किती आधाराचा वाटला असेल हे मी समजू शकते. उपचार ताबडतोब सुरू केलेत हेही योग्यच झालं. मुंग्या कमी झाल्या म्हणजे नसांना हवं होतं ते मिळू लागलं आहे.

पण त्या आकड्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू या. बी-१२ आपल्या यकृतात साठलेलं असतं आणि तो साठा संपायला काही वर्षं लागतात. चौदा महिने चहा-खारीवर काढल्याने बी-१२ इतकं खाली जात नाही. म्हणजे आईची ही कमतरता बाबा असतानाचीच असणार. तिचं बी-१२ कमी होतं तेव्हाही ती हरिपाठाला जात होती, दोघांचा स्वयंपाक करत होती, शेजारच्या मुलांचे पाढे घेत होती. मग बाबा गेले. आधीच झिजलेल्या शरीरावर तो घाव बसला. आणि आज ती जेवत नाही त्यामागे बहुधा उदासीच आहे. कमतरतेमुळे मन खचलं की मन खचल्यामुळे ताट सुटलं, या प्रश्नाला तुमच्या घरात दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि म्हणून एकाच बाजूचा उपचार पुरणार नाही.

बी-१२ एवढं का घसरलं ते नीट समजून घ्या, कारण ते कारण अजून घरातच आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसतं. शाकाहारी माणसाला ते मिळतं दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या, झोपडपट्टीतल्या आणि खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यांच्यातल्या ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी आढळलं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा तुमच्या आईचा रिपोर्ट जगावेगळा नाही. आता तिच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी त्यावर चढल्या आहेत. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, आणि वयानुसार ते अनेकांत कमी होतं. पित्ताची गोळी ते आणखी कमी करते. सुटं झालेलं बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आडवं येतं. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ घटतं हे इतकं नेहमीचं आहे, की ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये अशा धोक्यातल्या रुग्णांची बी-१२ तपासणी अधूनमधून करा अशी सूचना डॉक्टरांना दिली.

म्हणून कोर्स संपला तरी विषय संपलेला नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आता पुढे काय, महिन्याला एक इंजेक्शन की रोजची गोळी? पोटात घ्यायच्या गोळीचा डोस मोठा असेल, उदाहरणार्थ १००० मायक्रोग्रॅम, तर शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी त्यातला साधारण एक टक्का आपोआप आत जातो आणि अनेकांना तेवढा पुरतो. पित्ताची गोळी अजून हवी आहे का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. मेटफॉर्मिन मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. साखर बिघडली तर उदासी आणि पाय दोन्ही बिघडतील. एक गोष्ट आणखी. इंजेक्शनांनंतर लगेच रक्त तपासलं की बी-१२ भरपूर दिसतं. त्या आकड्याने ‘आता सगळं ठीक’ असं समजू नये. हिमोग्लोबिनचं काय झालं आणि आईची चाल कशी आहे, हे पाहावं.

आता दादांच्या म्हणण्याकडे येते. बी-१२ कमी असलं की माणूस थकतो, चिडतो, विसरतो, खिन्न होतो हे खरंच आहे. म्हातारपणी नैराश्य आलेल्या माणसाचं बी-१२, फोलेट, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलंच पाहिजे. पण कमतरता भरली की नैराश्य आपोआप निघून जातंच असं नाही. ‘डी’बद्दल तर एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली. पन्नाशीच्या पुढच्या १८,३५३ लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट ‘डी’ आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी, अशी सुमारे पाच वर्षं दिली. २०२० साली निष्कर्ष आले. नैराश्य येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्या लोकांत आईइतकी कमतरता फारशी कुणाला नव्हती, तेव्हा तिच्या पुड्या वाया गेल्या असा याचा अर्थ नाही. हाडांसाठी, स्नायूंसाठी, पडू नये म्हणून त्या हव्याच होत्या. मन मात्र त्या पुडीवर सोपवून थांबता येणार नाही.

आणि पुड्यांचं एक बजावून सांगते. एका पुडीत ६०,००० युनिट असतात. ठरलेले आठवडे झाले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चालू ठेवायची नाही. चुकून रोज एक घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठ, उलट्या आणि गोंधळल्यासारखं होणं, असं सगळं मागे लागतं. घरातले त्यालाही ‘वय झालं’ म्हणतात. आई एकटी राहते, म्हणून उरलेल्या पुड्या कुठे आहेत ते बघून या.

मी हे इतक्या कळकळीने लिहिते त्यामागे माझ्या मावशीची आठवण आहे. तिच्या बाबतीत आम्ही याच्या उलट चुकलो. काका गेले, ती गप्प झाली, आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे दुःख आहे, वेळ जाऊ द्यावा. वर्षभर कुणी तिचं रक्त तपासलं नाही. ती अंधारात भिंत धरून चालायची तेव्हाही आम्ही डोळ्यांना दोष दिला. न्हाणीघरात पडली तेव्हा कुठे बी-१२ तपासलं गेलं. मन पुढे बरंचसं सावरलं, पण पायांतली संवेदना पूर्ण परत आली नाही. नसांचं असंच असतं, फार उशीर झाला की सगळं भरून येत नाही. आम्ही दुःखाचं नाव घेऊन शरीराकडे पाहिलं नाही. तुमच्याकडे शरीराकडे पाहून झालं आहे, आणि आता त्या रिपोर्टच्या आडोशाने मनाकडे पाहायचं राहू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

किती थांबायचं, असं तुम्ही विचारता. आता थांबू नका. हरिपाठ सुटला, जेवण सुटलं, पहाटे तीनला जाग येते, आणि हे सगळं दोन आठवडे नव्हे, कितीतरी महिने चाललं आहे. दुःख असतं तेव्हाही माणूस अधूनमधून नातवाच्या बोलण्याला हसतो, गेलेल्या माणसाची आठवण काढून बोलतो. दिवसचे दिवस कशातच गोडी वाटत नाही, सगळं विझल्यासारखं होतं, तेव्हा ते दुःखाच्या पलीकडे गेलेलं असतं. म्हातारपणी नैराश्य रडत येईलच असं नाही. ते अंगदुखी होऊन येतं, पोट साफ होत नाही म्हणून येतं, विसरभोळेपणा होऊन येतं. आपल्याकडच्या त्या पिढीच्या बायकांना ‘मी उदास आहे’ असं म्हणायची सवयच नाही. ‘वय झालं’ हे त्यांचं त्यासाठीचं वाक्य असतं.

पुढचा प्रश्न विचारणं तुम्हाला जड जाईल, तरी विचारा. शेजारी बसून, दुसरं कुणी नसताना: “आई, कधी असं वाटतं का, की आता जगायलाच नको?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं याने बऱ्याच जणांना हलकं वाटतं. ‘विठ्ठलाने आता न्यावं’ असं त्या वयात सहज म्हटलं जातं, पण तुम्ही तिथेच थांबू नका. तशी काही तयारी केली आहे का, गोळ्या साठवल्या आहेत का, हेही विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटीला ठेवू नका, औषधं ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्रीअपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं, आणि तुमच्यासारखी काळजीत पडलेली मुलगीही त्यावर फोन करू शकते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदम जाणं घरात झेपत नसेल तर सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथीची, शेजारणीने दिलेली, सगळी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं आणि माणूस मलूल, गोंधळलेला दिसतो, तेव्हा सोडियम आणि थायरॉइड तपासायला सांगा. वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी ‘हो-नाही’ उत्तरांची १५ प्रश्नांची एक साधी चाचणी आहे, ती डॉक्टर तिथल्या तिथे घेऊ शकतात. दादांना सोबत घेऊन जा, ही माझी खास विनंती. बाबा त्यांचेही गेलेत. ‘आईला वेडी ठरवू नकोस’ या वाक्यात मला कठोरपणापेक्षा भीतीच जास्त ऐकू येते. डॉक्टरांच्या तोंडून ‘हा आजार आहे, मधुमेहासारखाच, आणि तो बरा होतो’ हे त्यांनी स्वतः ऐकलं तर तुम्हाला घरी भांडावं लागणार नाही.

गोळ्या सुरू झाल्याच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, या वयात कधी सहा ते आठ. पहिल्या दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नयेत. नुसती झोपेची गोळी म्हणजे नैराश्याचा उपचार नव्हे, आणि रात्री उठताना पडण्याची भीती तिच्याने वाढते. आईला कुणाशी बोलायला आवडणार असेल तर समुपदेशनही तितकंच उपयोगी आहे. तिने आयुष्यभर वर्गापुढे उभं राहून बोललं आहे, कदाचित तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ती लवकर बोलेल.

आता जेवण. यादी देण्याआधी एक विचारते: तिची कवळी नीट बसते का? तुम्ही पत्रात कवळीचा ओझरता उल्लेख केला आहे आणि खारी चहात बुडवून खाण्याचाही. हिरड्या दुखत असल्या की भाकरी, मटकी, कोशिंबीर सगळं हळूहळू ताटातून जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या खेपेला दातांच्या डॉक्टरांकडे एक चक्कर होऊ द्या. तोवर मऊ भात आणि मेतकूट-तूप, मुगाचं धिरडं, पिठलं, घट्ट वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी, असं तोंडात विरघळणारं पण ताकदीचं. म्हाताऱ्या शरीराला प्रथिनं तरुणांपेक्षा कमी नव्हे, थोडी जास्तच लागतात. नाश्त्याला आणि दोन्ही जेवणांना डाळ, दही किंवा पनीर यांतलं काहीतरी असावं. हिमोग्लोबिन कमी आहे, तेव्हा जेवणाला लागून चहा नको, तासभर अंतर ठेवावं, कारण चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं. हिमोग्लोबिन लोहामुळे कमी आहे की बी-१२मुळे की दोन्हींमुळे, हे डॉक्टरांना ठरवू द्या. फोलिक ॲसिडची गोळी मनाने आणून देऊ नका. बी-१२ कमी असताना एकटं फोलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ), मोड आलेली कडधान्यं, आंबवलेली इडली यांतून बी-१२ मिळतं असे निरोप तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात, असं तुम्ही लिहिलं आहे. मटकी आणि इडली जरूर खावी, पण बी-१२साठी त्यांच्यावर विसंबू नये. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. कोवळ्या उन्हाचंही तसंच. सकाळी सातचं ऊन सुखाचं असतं, पण कातडीत ‘डी’ बनवणारे किरण त्यात फारसे नसतात. दहा-अकराच्या सुमारास अंगणात हातपाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं बसलं तर उपयोग. उन्हाळ्यात जपून. खिडकीच्या काचेआडचं ऊन यासाठी चालत नाही.

आईने विचारलेला एक प्रश्न तुम्ही कंसात लिहून सोडून दिला आहे: “ही औषधं कशापासून करतात?” त्याला टाळू नका. ज्या बाईने जन्मभर माळ सांभाळली तिला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर मिळालं नाही तर ती गुपचूप गोळ्या ठेवून देईल. बी-१२ आज सूक्ष्म जीवाणूंच्या आंबवण्यातून बनवतात, त्यात मांस नसतं. कॅप्सूलचं वेष्टण मात्र अनेकदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. त्याऐवजी गोळी मागता येते. ‘डी-३’ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. लोकर कातरून घेतात, पण तरी ते तिला चालेल की नाही हे तिने ठरवायचं. नको असेल तर वनस्पतिजन्य ‘डी’ही मिळतं. डॉक्टरांसमोर तिलाच हा प्रश्न विचारू द्या. कित्येक महिन्यांत तिने कशाबद्दल तरी उत्सुकता दाखवली आहे, आणि मला ती खूण फार मोलाची वाटते.

पुण्याला आणायचं का? आत्ता नको, असं माझं मत. उपचार सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने तुम्ही किंवा दादा आलटून पालटून तिच्याकडे राहू शकलात तर ते जास्त बरं. तुमच्या फ्लॅटमध्ये सगळे सकाळी नऊला बाहेर पडतात आणि सातला परततात. तिथे तिला गावाइतकंच एकटेपण मिळेल, आणि शिवाय ओळखीचं दारही नसेल. तिची झोप आणि भूक सुधारली की मग तिलाच विचारा, आणि ‘नाही’ म्हणाली तर ते ऐका. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून तिला घेऊन या.

तोवर जेवण एकटीने होणार नाही याची काहीतरी सोय बघा. पन्नास वर्षं दोन ताटं वाढलेल्या बाईला एकाच ताटासाठी चूल पेटवाविशी वाटत नाही, यात आळस नाही. हरिपाठाच्या मंडळातल्या ज्या मैत्रिणीचं नाव तुम्ही लिहिलं आहे, त्यांना फोन करा. ‘आईला समजवा’ असं सांगू नका. आठवड्यातून दोनदा आपला डबा घेऊन तिच्याकडे जेवायला येता का, एवढंच विचारा.

एकादशी सोडायला लावू नका. तुम्ही लिहिता की तिने बाकी सगळं सोडलं पण एकादशी सोडली नाही, तेव्हा तो धागा तुटता कामा नये. त्या दिवशी साखरेच्या गोळीचं काय करायचं हे मात्र डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि ताक, दूध, राजगिरा, शेंगदाणे फराळात असू द्या. पुढची एकादशी जवळ आली आहे. जमलं तर रजा काढा आणि आदल्या संध्याकाळी गावी पोहोचा. द्वादशीला सकाळी पारण्याचा स्वयंपाक तुम्ही करा, वरण-भात, मऊ भाजी, वाटीभर दही, आणि दोन ताटं वाढा. ती दोन घासच खाईल कदाचित. काही बोलू नका, तुम्ही तुमचं जेवण सावकाश चालू ठेवा.